ओळीला ओळ : तंत्रज्ञानाच्या सरकारी धोरणात नागरिकांनी कसं उतरायचं

कंपन्यांचा सरकारवर प्रभाव म्हटलं की डोळ्यांसमोर टेबलाखालून सरकवलेलं पाकीट येतं. तंत्रज्ञानाच्या धोरणात बहुतेक वेळा त्याची गरजच पडत नाही. विषय नवा असतो, खात्यात तो समजणारी दोन-चार माणसं असतात, मुदत डोक्यावर आलेली असते. अशा वेळी कंपनीचा प्रतिनिधी नीट टाइप केलेला मजकूर घेऊन हजर होतो. अमुक कलमातला हा शब्द काढा, तिथे हा घाला, असं त्यात नेमकं लिहिलेलं असतं. काम हलकं होतं, म्हणून तो मजकूर आत जातो.

युरोपात २०१३ साली हे उघड्यावर आलं. वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा जो कायदा पुढे ‘जीडीपीआर’ म्हणून ओळखला गेला, त्याच्या मसुद्यावर युरोपीय संसदेत चार हजारांच्या आसपास दुरुस्त्या आल्या होत्या. ‘लॉबीप्लॅग’ नावाच्या प्रकल्पातल्या लोकांनी या दुरुस्त्या आणि कंपन्यांनी खासदारांना पाठवलेली टिपणं शेजारी-शेजारी ठेवून पाहिली. ॲमेझॉन, ईबे, अमेरिकन चेंबर ऑफ कॉमर्स यांच्या कागदांतली वाक्यं काही दुरुस्त्यांमध्ये जशीच्या तशी उतरलेली सापडली.

मी यातून एकच गोष्ट घेतली आणि हा सगळा लेख तिच्यावर उभा आहे. त्यांच्याकडे ओळ तयार असते, तेव्हा आपल्याकडेही ओळ तयार हवी. मोर्चा, सह्या, समाजमाध्यमांवरचा गदारोळ यांना आपापली जागा आहे. पण रात्री उशिरा मसुद्यावर शेवटचा हात फिरवणाऱ्या माणसाच्या टेबलावर आपला कागद नसेल, तर त्याच्याकडे निवडीला दुसरं काही उरत नाही.

आधी दार शोधा

तंत्रज्ञानाचं धोरण संसदेत जन्माला येत नाही. त्याआधी एक तज्ज्ञ समिती बसते, संकल्पना-टिपण निघतं, नियामक सल्लामसलत करतो, मसुदा येतो आणि त्यावर हरकती व सूचना मागवल्या जातात. कायदा झाल्यावर नियम येतात आणि नियमांनंतर निविदा. जितकं आधी पोहोचाल तितकी शाई ओली असते. तुमचा प्रश्न यातल्या कुठल्या टप्प्यावर आहे हे ठरवल्याशिवाय पुढे जाऊ नका. चुकीच्या टेबलावर दिलेलं उत्तम निवेदनही वाया जातं.

एक दार लोकांच्या लक्षातच येत नाही. ते म्हणजे मानकं ठरवणाऱ्या समित्या. सरकारी कागदपत्रं कुठल्या फाइल-प्रकारात साठवायची, हा प्रश्न रुक्ष वाटतो. पण पुढची पंचवीस वर्षं ती उघडायला कुणाचं सॉफ्टवेअर विकत घ्यावं लागेल, हे तिथेच ठरतं. २००७ साली स्वीडनमध्ये मायक्रोसॉफ्टच्या ‘ओओएक्सएमएल’ या फाइल-प्रकाराला आंतरराष्ट्रीय मानक म्हणून पाठिंबा द्यायचा की नाही यावर मतदान होतं. अगदी शेवटच्या घटकेला वीसहून जास्त कंपन्या समितीच्या सदस्य झाल्या आणि कौल पालटला. मायक्रोसॉफ्टच्या एका कर्मचाऱ्याने भागीदार कंपन्यांना सदस्य व्हा, बदल्यात विपणनासाठी मदत मिळेल, असं लेखी कळवलं होतं, हे नंतर बाहेर आलं आणि कंपनीनेही ते मान्य केलं. स्वीडिश मानक संस्थेने ते मतदान रद्द ठरवलं, पण एका कंपनीने एकाहून जास्त मतं दिली या तांत्रिक कारणावर. हे घडू शकलं कारण त्या खोलीत कोण येतंय-जातंय याकडे बाहेरच्या कुणाचं फारसं लक्ष नव्हतं. अशा समितीची सदस्य-यादी दर महिन्याला उतरवून ठेवणं हे एका माणसाचं अर्ध्या तासाचं काम आहे. ते कुणीतरी अंगावर घ्या.

कोण कुणाला भेटलं

काही देशांत हे शोधणं सोपं आहे. अमेरिकेत १९९५ च्या कायद्याने लॉबिंग करणाऱ्यांना, म्हणजे सरकारी निर्णय आपल्या बाजूला वळवण्यासाठी अधिकारी आणि खासदारांना गाठणाऱ्यांना, नोंदणी करावी लागते आणि आता दर तिमाहीला अहवाल द्यावा लागतो. कॅनडात अधिकाऱ्यांशी झालेल्या भेटींची नोंद महिन्याच्या महिन्याला होते. युरोपीय संघाची अशी पारदर्शकता-नोंदवही २०११ पासून आहे. भारतात लॉबिंगच्या नोंदणीचा कायदाच नाही, त्यामुळे इथे मुख्य भिस्त माहितीच्या अधिकारावर.

माहिती मागण्याचा हक्क पहिल्यांदा स्वीडनमध्ये १७६६ साली कायद्यात आला, अमेरिकेत १९६६ साली, भारतात २००५ साली. कायदे वेगळे असले तरी अर्ज फसण्याची रीत सगळीकडे एकच आहे. लोक माहिती मागायच्या ऐवजी जाब विचारतात. ‘अमुक कंपनीच्या दबावाखाली हा निर्णय झाला का?’ असं विचारलंत तर माहिती अधिकारी हात झटकून मोकळा होतो, कारण मत देणं त्याच्यावर बंधनकारक नाही. कागद मागा, आणि कागदाचं नाव घेऊन मागा. असा :

‘दि. अमुक ते दि. अमुक या कालावधीत, अमुक धोरणाच्या मसुद्यासंदर्भात, विभागाबाहेरील व्यक्ती, कंपन्या अथवा संघटना यांच्यासमवेत झालेल्या बैठकांच्या तारखा, उपस्थितांच्या याद्या, विषयपत्रिका व इतिवृत्त. तसेच त्यांच्याकडून प्राप्त झालेली टिपणे, सादरीकरणे व ई-मेल यांच्या प्रती.’

यातला ‘सादरीकरणे’ हा शब्द विसरू नका. इतिवृत्तात फक्त ‘चर्चा झाली’ एवढंच सापडतं. कंपनीला नेमकं काय हवं होतं ते त्यांच्या स्लाइडवर मोठ्या अक्षरांत असतं. कालावधी आटोपशीर ठेवा, तीन-चार महिन्यांचा. पाच वर्षांचं सगळं एकदम मागितलंत तर ‘माहिती संकलित करण्यात विभागाची साधनसामग्री अवाजवीपणे खर्ची पडेल’ हे ठरलेलं उत्तर येईल.

दुसरी ठरलेली भिंत म्हणजे ‘व्यापारी गुपित’. भारताच्या कायद्यात ती कलम ८(१)(घ) मध्ये आहे, पण व्यापक जनहित असेल तर माहिती द्यावी असं त्याच कलमात लिहिलेलं आहे. शिवाय कलम १० प्रमाणे गोपनीय भाग झाकून उरलेला कागद देता येतो. म्हणून अर्जातच शेवटी एक वाक्य टाकून ठेवा, की काही भाग देता येत नसेल तर तो वगळून बाकीचा द्यावा. उत्तराची मुदत ३० दिवसांची आहे. सूचना पाठवण्याची मुदतही बहुधा तेवढीच असते, हे ध्यानात घेतलं तर मसुदा यायच्या आधीच अर्ज का टाकावा हे कळेल.

मसुदा वाचायचा कसा

प्रस्तावना सोडून द्या. तिच्यात नागरिक, सक्षमीकरण, नवोन्मेष असं सगळं गोड असतं आणि तिच्यावर कुणी न्यायालयात भांडू शकत नाही. मी व्याख्यांपासून सुरू करते. ‘वैयक्तिक माहिती’ म्हणजे काय, ‘सेवा-पुरवठादार’ म्हणजे कोण, ‘खुलं मानक’ कशाला म्हणायचं, इथे एक शब्द हलला की खालची वीस कलमं हलतात. खुल्या मानकाच्या व्याख्येत ‘स्वामित्वशुल्काविना’ असेल तर कुणीही ते वापरून सॉफ्टवेअर बनवू शकतं. त्याजागी ‘वाजवी व भेदभावरहित अटींवर’ असं आलं, की शुल्क आत शिरलं. वाचायला दुसरं वाक्य जास्त समंजस वाटतं, म्हणून तिथे पेन्सिलीने खूण करा.

मग क्रियापदं पाहा. ‘प्राधिकरण तपासणी करील’ आणि ‘प्राधिकरणास तपासणी करता येईल’ यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. पहिल्यात कर्तव्य आहे, दुसऱ्यात मर्जी. मसुद्यात नागरिकांच्या बाजूची किती वाक्यं ‘करील’ने संपतात आणि किती ‘करता येईल’ने, हे नुसतं मोजलं तरी धोरणाचा कल हाती येतो. ‘विहित करण्यात येईल त्याप्रमाणे’ जिथे जिथे दिसेल तिथे समजा, की खरा निर्णय नियमांवर ढकलला आहे. म्हणजे तुमची लढाई आणखी एकदा व्हायची आहे आणि तेव्हा वर्तमानपत्रांचं लक्ष दुसरीकडे असेल.

निविदेत वाचायची जागा म्हणजे पात्रतेच्या अटी. समजा अट अशी आहे : ‘बोलीदाराने मागील तीन वर्षांत एक कोटी नागरिकांची नोंद असलेली, अशाच स्वरूपाची प्रणाली कार्यान्वित केलेली असावी.’ दिसायला ती गुणवत्तेची काळजी आहे. पण अशी प्रणाली चालवणाऱ्या कंपन्या किती, हे शोधा. दोनच निघाल्या तर ही स्पर्धा दोघांचीच, आणि त्यातल्या एकीने आधी फुकट ‘पथदर्शी प्रकल्प’ करून दिलेला असेल तर एकीचीच. फुकट पथदर्शी प्रकल्प दिसला की मी सावध होते. त्याची किंमत पुढे परिशिष्टात मिळते : माहिती कुणाच्या सर्व्हरवर राहणार, करार संपल्यावर ती कुठल्या स्वरूपात परत मिळणार आणि परत देण्याचा खर्च कुणाचा. या तीन प्रश्नांची उत्तरं करारात नसतील, तर खातं त्या कंपनीशी कायमचं बांधलं गेलं असं धरून चाला.

टोरोंटोच्या लोकांनी असं वाचन करून दाखवलं. गूगलच्या मातृसंस्थेची ‘साइडवॉक लॅब्ज’ ही कंपनी २०१७ मध्ये तिथल्या तलावाकाठच्या १२ एकरांवर सेन्सरांनी भरलेली वस्ती उभारायला आली. जून २०१९ मध्ये तिचा आराखडा आला, तो दीड हजारांहून अधिक पानांचा. लोकांनी तो वाटून घेऊन वाचला. १२ एकरांचा प्रकल्प म्हणता म्हणता आराखड्यात १९० एकरांची भाषा आली होती. त्याआधीच, फेब्रुवारीत, ‘ब्लॉक साइडवॉक’ हा नागरिकांचा गट उभा राहिला होता. ऑक्टोबर अखेरीस कंपनीला पुन्हा १२ एकरांवर यावं लागलं, आणि मे २०२० मध्ये आर्थिक अनिश्चिततेचं कारण देऊन ती निघून गेली. दीड हजार पानं एकट्याने वाचून होत नाहीत. पंधरा जणांत शंभर-शंभर होतात.

हरकत लिहिताना

‘हे धोरण जनविरोधी आहे, ते मागे घ्यावे.’ अशी हजार पत्रं आली तरी खात्याच्या सारांशात ती एका ओळीत मावतात : ‘काहींनी विरोध दर्शवला.’ आता हेच पाहा. मसुद्यात वाक्य आहे असं समजू : ‘सेवा-पुरवठादारास, आवश्यक असेल तेवढ्या कालावधीपर्यंत माहिती जतन करता येईल.’ यावर हरकत अशी जावी :

‘कलम १२(३) : “आवश्यक असेल तेवढ्या कालावधीपर्यंत” या मजकुराऐवजी “करार समाप्त झाल्यापासून ९० दिवसांपर्यंत” हा मजकूर दाखल करावा. तसेच पुढील वाक्य जोडावे : “त्यानंतर सेवा-पुरवठादार माहिती नष्ट केल्याचे प्रमाणपत्र विभागास देईल व विभाग ते प्रसिद्ध करील.” कारण : मूळ शब्दरचनेत आवश्यकता कोणी ठरवायची हे सांगितलेले नाही, ती ठरवण्याचा अधिकार माहिती बाळगणाऱ्याकडेच जातो.’

हे नाकारायचं तर कारण द्यावं लागतं. ‘करील’ आपण घातलं आहे, तेही लक्षात घ्या. कलमाचा क्रमांक, जुना मजकूर, नवा मजकूर, दोन ओळींचं कारण. एका हरकतीला एवढं पुरतं. पहिल्या पानावर तुम्ही कोण आणि तुमचा या विषयाशी संबंध काय ते लिहा. शिक्षिका असाल आणि शाळेतल्या ॲपमध्ये मुलांची हजेरी भरताना काय काय माहिती विचारली जाते हे रोज पाहत असाल, तर तसं लिहा. कंपनीकडे वकील असतील, पण हा अनुभव नसतो. तुमचा स्वतःचा काही आर्थिक संबंध असेल तर तोही आधीच सांगून टाका. आपण त्यांच्याकडून जे मागतो ते आपण आधी करायचं.

विचारलेल्या प्रश्नांना उत्तरं द्या. हे सांगायला फार साधं वाटतं, पण यावर मोठमोठ्या मोहिमा आपटल्या आहेत. भारतात डिसेंबर २०१५ मध्ये ट्रायने, म्हणजे दूरसंचार नियामकाने, इंटरनेटच्या वेगवेगळ्या दरांबाबत चार प्रश्न विचारले. फेसबुकने आपल्या वापरकर्त्यांकडून ‘फ्री बेसिक्स’च्या, म्हणजे काही निवडक संकेतस्थळं फुकट दाखवणाऱ्या आपल्या सेवेच्या, बाजूने साच्यातले लाखो संदेश पाठवले. ट्रायने कंपनीला स्पष्ट कळवलं, की या संदेशांत चार प्रश्नांची उत्तरंच नाहीत. ८ फेब्रुवारी २०१६ रोजी नियम आला : मजकूर पाहून वेगळा दर लावायला मनाई, आणि मोडल्यास दिवसाला ५०,००० रुपये, कमाल ५० लाख रुपये दंड. फेसबुकने ती सेवा भारतातून काढून घेतली.

कंपनीच्या युक्तिवादाला उत्तर कसं द्यावं याचा मला माहीत असलेला सर्वांत चांगला नमुना पेरूमधला आहे. तिथले खासदार एडगार व्हियानुएवा यांनी सरकारी कार्यालयांत मुक्त सॉफ्टवेअर, म्हणजे कुणालाही वापरता, तपासता आणि बदलता येणारं सॉफ्टवेअर, वापरण्याचं विधेयक मांडलं. २००२ साली मायक्रोसॉफ्टच्या पेरूमधल्या प्रमुखांनी त्यांना आक्षेपांचं लांबलचक पत्र धाडलं. व्हियानुएवांनी आवाज चढवला नाही. त्यांनी आधी तीन तत्त्वं मांडली : नागरिकांना सरकारी माहिती मोकळेपणी मिळाली पाहिजे, ती माहिती टिकली पाहिजे, आणि राज्य व नागरिक सुरक्षित राहिले पाहिजेत. मग प्रत्येक आक्षेप उद्धृत करून त्याच्याखाली उत्तर लिहिलं. विधेयकाने कुणालाही सॉफ्टवेअर बनवायला वा विकायला बंदी केलेली नाही, ते फक्त राज्य काय विकत घेतं याबद्दल बोलतं, हे त्यांनी विधेयकाचाच आधार घेऊन दाखवलं. सात-आठ आक्षेप असतील तर सात-आठ उत्तरं द्या, त्यांचे शब्द न वाकवता. वाचणाऱ्या अधिकाऱ्याला तुलना आयती मिळते.

माणसं जमवताना

संख्येला वजन आहे. मार्च २०१५ मध्ये ट्रायने ११८ पानांचा सल्लामसलत-कागद काढला तेव्हा दहा लाखांहून जास्त ई-मेल गेले, आणि नेटच्या समानतेचा, म्हणजे इंटरनेटवरच्या सगळ्या मजकुराला सारखीच वागणूक मिळण्याचा, प्रश्न घराघरांत पोहोचला. २०१२ मध्ये पोलंडपासून पेटलेल्या निदर्शनांनंतर युरोपीय संसदेने ‘ॲक्टा’ हा बनावट माल आणि नक्कल रोखण्यासाठीचा आंतरराष्ट्रीय करार ३९ विरुद्ध ४७८ मतांनी फेटाळला. पण संख्या खोटीही करता येते. अमेरिकेत २०१७ साली नेटच्या समानतेवर दोन कोटी वीस लाखांहून अधिक अभिप्राय आले. न्यूयॉर्कच्या ॲटर्नी जनरलनी २०२१ मध्ये दिलेल्या अहवालाप्रमाणे त्यातले जवळपास एक कोटी ऐंशी लाख बनावट होते. ८५ लाख बनावट अभिप्रायांमागे ब्रॉडबँड कंपन्यांनी पैसा पुरवलेली मोहीम होती. आणि ७७ लाख, नेटच्या समानतेच्या बाजूने, एका १९ वर्षांच्या विद्यार्थ्याने प्रोग्रॅम लिहून पाठवले होते. त्या मुलाने आपल्या बाजूचं नुकसानच केलं, असं मला मनापासून वाटतं. खऱ्या माणसांनी रात्री बसून लिहिलेली पत्रं त्या ढिगाऱ्याखाली गेली.

म्हणून साचा वाटू नका. मुद्द्यांची यादी वाटा, कलमांचे क्रमांक द्या, आणि प्रत्येकाला एकच कलम निवडून स्वतःच्या शब्दांत लिहायला सांगा. दोन तासांची बैठक पुरते : अर्धा तास मसुदा समजावून, बाकीचा वेळ लिहायला, आणि पत्र पाठवल्याशिवाय कुणी उठायचं नाही. मोहिमेसाठी वेगळा ई-मेल पत्ता वापरायला सांगा. २०१५ मध्ये ट्रायने आलेले अभिप्राय प्रसिद्ध केले तेव्हा लोकांचे ई-मेल पत्तेही जगजाहीर झाले होते.

कधी कधी एखादी मोठी कंपनीच तुमच्या बाजूला येऊन उभी राहते. तिची साथ घ्या, पैसा घेऊ नका. २००५ साली सॉफ्टवेअर पेटंटचा प्रस्ताव युरोपीय संसदेने १४ विरुद्ध ६४८ मतांनी फेटाळला, तेव्हा शेवटच्या क्षणी पेटंटच्या बाजूच्या कंपन्यांनाही तो पडायला हवा होता, कारण दुरुस्त्या मंजूर झाल्या तर आहे तेही हातचं जाईल अशी त्यांना भीती होती. त्यांचं गणित वेगळं असतं, एवढं मनात असू द्या.

पाठवल्यानंतर

पोच घ्या. ई-मेल गेला तरी छापील प्रत नेऊन आवक क्रमांक घेतलेला बरा. मग इतरांचे अभिप्राय वाचा. ट्रायसारखे नियामक ते प्रसिद्ध करतात आणि त्यांवर प्रति-अभिप्राय द्यायला मुदत देतात. कंपनीने तुमच्या नाकासमोर लेखी जे म्हटलंय त्याला उत्तर द्यायची ही संधी फार थोडे नागरिक वापरतात. जिथे अभिप्राय दडवले जातात तिथे ते उघडे करायला लावणं हीच पहिली मागणी. नोव्हेंबर २०२२ मध्ये भारताच्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण विधेयकाचा मसुदा आला, तेव्हा आलेले अभिप्राय प्रसिद्ध केले जाणार नाहीत असं सूचनेतच लिहिलं होतं. अशा वेळी आपलं निवेदन आपणच जाहीर करा, आणि उद्योग-संघटनांनाही जाहीरपणे तेच करायला सांगा.

अंतिम मजकूर आला की तो जुन्या मसुद्याशी ओळ-ओळ ताडून पाहा. काय बदललं, ते कुणाच्या निवेदनाशी जुळतं, याचा तीन रकान्यांचा तक्ता करून पत्रकारांना आणि विरोधी पक्षाच्या सदस्यांना द्या. लॉबीप्लॅगने केलं ते हेच.

आणि फाइल बंद करू नका. जर्मनीतल्या म्यूनिक महापालिकेने २००३ साली मायक्रोसॉफ्ट सोडून लिनक्स या मुक्त प्रणालीकडे जायचं ठरवलं. पुढच्या दहा वर्षांत सुमारे पंधरा हजार संगणक बदलले. २०१७ मध्ये महापालिकेने पुन्हा विंडोजकडे वळायचा ठराव केला. २०२० मध्ये नव्या सत्ताधारी आघाडीने खुल्या सॉफ्टवेअरला प्राधान्य देण्याचं आपल्या आघाडी-करारात लिहिलं. म्हणून फाइलच्या पहिल्या पानावर तीन तारखा ठळक लिहून ठेवा : नियम कधी येणार, करार कधी संपणार, धोरणाचा फेरआढावा कधी. प्रत्येक तारखेच्या सहा महिने आधीच्या दिवशी दिनदर्शिकेत खूण करा आणि तिच्यापुढे त्या दिवशी माहितीचा अर्ज कोण टाकणार त्याचं नाव लिहा.